ह्यातला एक म्हणजे कोण?

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मुलं प्रोजेक्टचा डेटा घेऊन येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. टेस्ट कोणती लावू? ग्राफ कोणता काढू? पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) किती आली म्हणजे चालेल? मी मात्र आधी वही मागते आणि विचारते, तू इथे एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, बरोबर ६० लिहिलं आहेस, तर ह्या साठातला एक म्हणजे कोण? एक पान? एक झाड? एक बाग? एक पेट्री डिश, की त्याच डिशचं तीनदा घेतलेलं रीडिंग?

बहुतेकांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. बायोस्टॅटच्या तासाला आपण सूत्रं शिकवतो आणि सूत्रात एन आयता मिळतो. तो आला कुठून, हे सूत्राला ठाऊक नसतं. कॉम्प्युटरलाही नसतं. साठ आकडे दिले की तो मुकाट्याने साठाने भागतो.

वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं झालं आहे. जीवशास्त्राच्या मुलांना संख्याशास्त्र अवघड जातं ते गणितामुळे नाही. गणित आता एका क्लिकवर होतं. अवघड असतो तो हा निर्णय, आणि तो लॅपटॉपसमोर बसून घेता येत नाही. तो बागेत, तळ्याच्या काठावर, दवाखान्याच्या वॉर्डात, रीडिंग घ्यायच्या आधी घ्यावा लागतो. नाशिकच्या मुलांना हे खरं तर सोपं जायला हवं. त्यांच्यातली कितीतरी जण शेतातून येतात. शेत सगळीकडे सारखं नसतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. फक्त घरी जे माहीत असतं ते कॉलेजच्या वहीत लिहायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

दिंडोरीकडच्या एका विद्यार्थिनीचं काम इथे जरा सविस्तर सांगते. घरची द्राक्षबाग, थॉमसन जातीची. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि नेमका अवकाळी पाऊस झाला की डाऊनी ह्या बुरशीच्या रोगाची धास्ती असते. तिने बागेचे दोन भाग केले. घरची नेहमीची फवारणी दोन्हीकडे चालूच होती, एका भागावर जोडीला एक जैविक फवारणी. मग प्रत्येक भागातली तीन झाडं निवडली आणि प्रत्येक झाडाची वीस पानं तपासली. पानावर डाग नाही तर शून्य, निम्म्याहून जास्त पान गेलं तर चार, अधलेमधले दर्जे त्या मानाने. एका भागाची साठ पानं, दोन्हीकडची मिळून एकशेवीस. टी टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावली तर पी व्हॅल्यू इतकी बारीक आली की दशांश चिन्हानंतर नुसती शून्यंच. पोरगी खूश होती, आणि व्हायलाच हवी. गारठ्यात, दव पडलेलं असताना एकेक पान उलटून बघणं ही काही साधी मेहनत नव्हे.

मी वही उघडली. कोपऱ्यांवर मोरचुदाचे निळे डाग होते, म्हणजे वही खरोखर बागेतच भरली होती. मला ते फार आवडलं. जैविक फवारणी केलेल्या भागातल्या तीन झाडांच्या सरासऱ्या होत्या ०.४, ०.६ आणि ०.५. कंट्रोलच्या, म्हणजे ती फवारणी न केलेल्या भागातल्या, तीन झाडांच्या ३.२, ०.४ आणि ०.८. पहिल्या झाडाचा रकाना वरपासून खालपर्यंत तीन, चार, तीन, तीन, चार, दोन असा चालला होता. शेजारच्या दोन रकान्यांत शून्य आणि एक, मधूनच एखादा दोन. एवढा मोठा फरक दिसत होता तो सगळा त्या एका झाडाच्या जिवावर.

“अगं, हे पहिलं झाड बागेत कुठे आहे?”

“ते ना मॅडम, पाटाच्या कडेला. कोपऱ्यात. तिथे बांधावरच्या कडुलिंबाची सावली पडते.”

तिने तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. वडील म्हणाले, “मॅडम, त्या कोपऱ्यात दव लवकर हटत नाही. तिथली चार-पाच झाडं दरसाल सगळ्यात आधी धरतात. औषध मारा नाहीतर नका मारू.”

डाऊनीच्या बुरशीचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात आणि त्यासाठी त्यांना पानावर ओल लागते. वडिलांनी जे सांगितलं ते रोगशास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमकं होतं. एका झाडाची वीस पानं एकाच मुळांवर जगतात, एकाच सावलीत राहतात, त्यांच्यावरचं दवही एकाच वेळी सुकतं. एकाच घरातल्या वीस जणांना विचारून वीस घरांचं मत कळत नाही, तसंच हे. तेव्हा इथे एन साठ नव्हता, तीन होता. झाडांच्या सरासऱ्या घेऊन तीन विरुद्ध तीन अशी तुलना केली तर फरक टेस्टमध्ये टिकत नाही.

काटेकोर बोलायचं तर तीनही नव्हता. फवारणी झाडाझाडाला वेगवेगळी ठरवून झाली नव्हती. बागेचा एक अख्खा भाग इकडे, एक अख्खा भाग तिकडे. म्हणजे ज्याला ट्रीटमेंट दिली तो तुकडा प्रत्येकी एकच. पाट ज्या बाजूला, ती बाजू जास्त ओली. फरक औषधाचा की पाटाचा, हे ह्या आकड्यांतून कळणारच नाही. पानं हजार मोजली तरी कळणार नाही. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली ह्या प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं आणि छापून आलेल्या शोधनिबंधांतही तो किती पसरला आहे हे दाखवून दिलं. तेव्हा आमच्या मुलीने कमीपणा वाटून घ्यायचं काहीच कारण नव्हतं.

मुलं ज्या अॅनोव्हाला (अनेक गटांच्या सरासऱ्यांची एकदम तुलना करणाऱ्या चाचणीला) बिचकतात ती मुळात शेतातच जन्माला आली आहे, हे मी दरवर्षी आवर्जून सांगते. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेडचं कृषी संशोधन केंद्र १८४३ पासून चालू आहे. १९१९ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे कामाला लागले, तेव्हा वर्षानुवर्षांच्या खतांच्या प्रयोगांचे आकडे त्यांच्यासमोर होते. एका वाफ्यात पीक जास्त आलं, ते खताने की मुळातल्या कसदार जमिनीने, हाच तिढा. त्यावर फिशर यांनी सुचवलेली वाट तीन गोष्टींची होती. ट्रीटमेंट एकाच वाफ्यावर न करता अनेक वाफ्यांवर करा. कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते आपल्या मनाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि जमिनीचा चढउतार माहीत असेल तर सारख्या वाफ्यांचे गट करून प्रत्येक गटात सगळ्या ट्रीटमेंट बसवा. दिंडोरीच्या बागेत ह्याचा अर्थ इतकाच, की पाटाकडच्या ओल्या पट्ट्यातही फवारलेली आणि न फवारलेली अशी दोन्ही झाडं हवीत, आणि वरच्या कोरड्या पट्ट्यातही.

टी टेस्टचं कूळही फार लांबचं नाही. विल्यम गॉसेट डब्लिनमध्ये गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होते. बार्लीचे, माल्टचे नमुने हातात येणार ते मोजके. चार-पाच नमुन्यांवरून किती ठामपणे बोलता येईल, हा त्यांचा रोजच्या कामातला प्रश्न होता. १९०८ साली त्यांनी उत्तर छापलं ते ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने. थोड्या नमुन्यांवर बोलायची मुभा आहे, पण तेवढ्याच मापाने बोला, असं ती टेस्ट सांगते. मुलांनी तीन झाडं घेतली म्हणून मी कधी नाक मुरडत नाही. तीन झाडांचे साठ झाले की मात्र थांबवते.

आपल्याकडचं एक नाव ह्या संदर्भात मुलांना माहीत नसतं, ह्याचं मला वाईट वाटतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी सांभाळला. त्याआधी चाळीसच्या दशकात ते भारतात पीक कापणीच्या पाहण्यांवर काम करत होते. शेतात एक ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत. पीक विम्यामुळे आज ती गावोगाव माहीत आहे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न वाढीव येतं. कारण अगदी माणसाचं. दोरीवर येणारं, काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. मोठ्या तुकड्यात काठावरची चार रोपं वजनात फरक पाडत नाहीत. लहान तुकड्यात पाडतात. म्हणून तुकडा मोठा हवा.

मला हे संशोधन सुंदर वाटतं. कोणी लबाडी करत नसतं, तरी आकडा एका बाजूला कलतो. माणसाच्या हाताची आणि डोळ्याची खूण आकड्यांवर उमटते, आणि शोधलं तर ती सापडते. मी मुलांना ती शोधायला लावते. हिवाळ्यात आमची मुलं नांदूर मध्यमेश्वरला पक्षी मोजायला जातात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या धरणाचं हे पाणी, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या मनोऱ्यावरून चांदव्यांचा थवा बघितला की एकेक पक्षी मोजणं अशक्यच. मग दहा-दहाचे गट धरून अंदाज घ्यायचा. घरी आल्यावर वहीतल्या आकड्यांचा शेवटचा अंक बघायचा. मोठ्या थव्यांचे सगळे आकडे शून्यावर संपत असतील तर तो अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि तक्त्याखाली तसं लिहायचं. लहान थव्यात सात, अकरा, तेवीस असे आकडे असतील तर ती मोजणी. दोन्ही एकाच रकान्यात, एकाच तोऱ्यात छापायची नसतात.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच असल्याने ओळखीपाळखीतून मेडिकल-नर्सिंगची मुलंही कधीमधी डेटा दाखवायला येतात. रक्तदाबाच्या रकान्यात मी आधी तोच शेवटचा अंक बघते. पाऱ्याच्या उपकरणावर दोन-दोनच्या रेघा असतात, तेव्हा त्यावर १२१ किंवा १३७ असा विषम आकडा यायला नको. आणि सगळेच आकडे १२०, १३०, १४० असे असतील तर वाचणाऱ्याने जवळच्या दहावर आणून ठेवले आहेत. मग गटागटात तीन-चार अंकांचा फरक सापडला म्हणून त्यावर मोठं भाष्य करता येत नाही.

आता गळलेल्या पानाबद्दल. ह्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुस्तकात हे सापडत नाही. दर आठवड्याला त्याच वीस पानांची नोंद घ्यायची ठरलं. तिसऱ्या आठवड्यात त्यातली दोन पानं झाडावर नाहीत. वहीत काय लिहायचं? बरीच मुलं रेघ मारतात. काही रिकामं सोडतात. एक्सेलमध्ये भरताना त्या रिकाम्या जागी कोणीतरी शून्य भरतं, आणि शून्य म्हणजे निरोगी पान! रोगाने गळालेलं, म्हणजे सगळ्यात आजारी पान, कागदावर सगळ्यात ठणठणीत होऊन बसतं. रिकामं सोडलं तरी प्रश्न सुटत नाही. आजारी पानं गळत गेली आणि उरलेल्यांचीच सरासरी घेतली, तर रोग वाढत असताना आकडा खाली येतो. म्हणून माझ्या मुलांच्या वहीत गळलेल्या पानाला स्वतःची खूण असते, ‘ग’. वाऱ्याने फाटून गेलं, मजुराने फेल (नको असलेली फूट) काढताना गेलं, ही कारणं कळली तर तीही. आणि मग गळलेल्या पानांची संख्या हाच एक वेगळा आलेख होतो. कित्येकदा खरी गोष्ट तोच आलेख सांगतो.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर त्याचा एक धोका. बागेत झाडाला नंबर देताना ओळ तिसरी, झाड बारावं, म्हणून ३-१२ असं लिहायची आपली सवय. एक्सेलमध्ये तेच टाकलं की त्याची तारीख होते, डिसेंबर किंवा मार्च. झाड गेलं, तारीख उरली. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं सेप्ट-२, मार्च-१ अशी होती. एक्सेल त्यांच्याही तारखा करत असे. २०१६ साली झालेल्या एका तपासणीत असं दिसलं की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही गडबड होती. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच नियम बदलून ती नावं सेप्टिन-२, मार्चएफ-१ अशी केली. आमच्यासाठी उपाय सोपा आहे, ओ३झा१२ असं लिहायचं आणि वहीतली मूळ पानं फोटो काढून ठेवायची.

एवढं झाल्यावर मग ग्राफ. इथे मात्र मी थोडी हट्टी आहे. सहा-आठ रीडिंग असतील तर मला दांड्यांचा ग्राफ नको. प्रत्येक रीडिंगचा एक ठिपका काढा, तिथेच बाजूला सरासरीची आडवी रेघ. त्या मुलीच्या कंट्रोलची दांडी काढली असती तर १.५ च्या आसपास एक जाडजूड दांडी दिसली असती आणि बघणाऱ्याला वाटलं असतं की सगळी झाडं मध्यम आजारी आहेत. मध्यम आजारी असं एकही झाड तिथे नव्हतं. दोन बरी होती आणि एक भयंकर आजारी. ठिपके काढले की हे लपत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अॅन्सकम यांनी १९७३ साली ह्यासाठीच चार छोटे तक्ते करून दाखवले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही ठिकाणी सरासरी तीच, सहसंबंध तोच ०.८१६, मधून जाणारी रेषाही तीच. आणि ठिपके काढले तर एक साधा विखुरलेला चढ, एक सरळसरळ वक्र, एक अगदी सरळ रेषा पण एक ठिपका भलतीकडे, आणि चौथ्यात दहा ठिपके एका उभ्या ओळीत आणि एकटा लांब. मी हे चारही आलेख मुलांना हाताने, ग्राफपेपरवर काढायला लावते. वेळ जातो, पण तो वेळ वाया गेला असं म्हणणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

एरर बारचंही, म्हणजे सरासरीच्या वर-खाली काढतात त्या रेघेचंही, तसंच. एसडी (प्रमाण विचलन) लावू की एसई (प्रमाण त्रुटी), असं विचारलं की मुलं बहुतेक वेळा लहान दिसतो तो निवडतात, म्हणजे एसई. एसडी सांगतो की झाडं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. एसई सांगतो की सरासरीचा आपला अंदाज किती पक्का आहे. एसडी १२ असेल आणि झाडं ९ घेतली तर एसई ४ येतो, ३६ घेतली तर २. झाडं तितकीच वेगवेगळी, फक्त दांडीवरची टोपी आखूड झाली. तुम्हाला काय सांगायचं आहे त्याप्रमाणे निवडा, पण कोणतं निवडलं ते ग्राफखाली लिहा. आणि तिथे पुन्हा एन. ‘एन = ३ झाडं, प्रत्येक झाडाच्या २० पानांची सरासरी’ एवढं एक वाक्य ग्राफखाली असलं तर वाचणाऱ्याला सगळं कळतं.

आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचा वाटाण्यांवरचा मूळ निबंध मी ह्याच कारणासाठी मुलांसोबत वाचते. ३:१ हे गुणोत्तर बारावीपासून सगळ्यांना पाठ असतं. १८६६ साली छापलेल्या त्या निबंधात मेंडेल सांगतो की २५३ झाडांपासून ७,३२४ बिया मिळाल्या, त्यांतल्या ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या. भागाकार २.९६. पण तो तिथे थांबत नाही. पहिल्या दहा झाडांचे आकडे तो झाडागणिक वेगळे देतो. पहिलं झाड, ४५ गोल, १२ सुरकुतलेल्या. चौथं झाड, १९ आणि १०. एवढंच नाही, सगळ्यात टोकाची झाडंही सांगतो. एकात ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेल्या, दुसऱ्यात १४ आणि १५. आपल्या सिद्धांताला सगळ्यात कमी जुळणारी झाडं त्याने स्वतःच वाचकासमोर ठेवली. इथे एक बी हाच ‘एक’ धरणं योग्यही होतं, कारण प्रत्येक बी वेगळ्या फलनातून तयार होतं. तरीही त्याने झाडाचा हिशेब सोडला नाही. डेटा कसा मांडावा ह्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि तो आपल्या अभ्यासक्रमातच पडलेला आहे.

पी व्हॅल्यूवर फार लिहीत नाही, एकच गोष्ट. मुलं मुळांची लांबी, खोडाची लांबी, हरितद्रव्य, प्रथिनं, साखर, असं वीस-वीस गोष्टींचं मोजमाप करतात आणि प्रत्येकाची टेस्ट लावतात. औषधाचा काडीचा परिणाम नसला तरी अशा वीस स्वतंत्र टेस्टमध्ये निदान एकीची तरी पी व्हॅल्यू ०.०५ ह्या रूढ मर्यादेच्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग जी एक आली तीच प्रोजेक्टच्या शीर्षकात जाते, बाकीच्या एकोणीस गायब. मला त्या एकोणिसांचाही तक्ता हवा असतो. ‘फरक आढळला नाही’ ह्या वाक्याला मुलं इतकी घाबरतात की मला त्यांची काळजी वाटते. चांगल्या रीतीने केलेल्या प्रयोगात फरक आढळला नाही, ही माहिती आहे. शेतकऱ्याचे औषधाचे पैसे वाचवणारी माहिती आहे.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक वेगळीच अडचण येते. ज्या मुलीने बागेत बसून एकेक पान पाहिलं, ती एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, स्लाइड वाचून दाखवायला लागते. इंग्रजीतली पाठ केलेली वाक्यं, आवाज खाली गेलेला, नजर पडद्यावर. म्हणून सरावाच्या वेळी मी स्लाइड बंद करायला सांगते. लॅपटॉप मिट आणि तू काय पाहिलंस ते मराठीत सांग, घरी आईला सांगशील तसं. मग सगळं येतं. कुठल्या झाडाला आधी लागलं, किती पानं गळली, कुठे शंका आहे, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. क्रमसुद्धा बरोबर येतो, शिकवावा लागत नाही. तीच चार-पाच वाक्यं कागदावर उतरवायची आणि प्रत्येक वाक्याला एक ग्राफ जोडायचा. ज्या ग्राफला वाक्य नाही तो काढून टाकायचा. इंग्रजी शेवटी, आणि तेही साधं. दर्जा शून्य ते चार ह्या पूर्णांकांत दिलेला असताना सरासरी १.४६६७ अशी लिहायची नाही, १.५ पुरे. थ्रीडी दांड्या नकोत. लाल आणि हिरवा रंग शेजारी नकोत, काहींना ते वेगळे दिसत नाहीत. उभा अक्ष कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसू द्या. एवढं सांभाळलं की मागच्या बाकावरच्यालाही समजतं.

दिंडोरीच्या मुलीने रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते सांगायचं राहिलं. तिने साठ खोडून तीन केले, बागेचा नकाशा जोडला आणि निष्कर्षात लिहिलं की ह्या मांडणीतून फवारणीचा परिणाम पाटाच्या परिणामापासून वेगळा काढता येत नाही. एक्स्टर्नल त्या नकाशावरच बराच वेळ प्रश्न विचारत राहिले आणि तिने खडाखडा उत्तरं दिली. मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला.

आमच्या कपाटात असे बाइंडिंग केलेले पुष्कळ रिपोर्ट आहेत. त्यांत सरासऱ्या आहेत, ग्राफ आहेत, मूळ रीडिंग मात्र फारच थोड्यांत. दरवर्षी नवं मूल नव्याने सुरुवात करतं, आणि दरवर्षी एन तीनच राहतो. हे बदलायचं आम्ही ठरवलं आहे. येत्या ऑक्टोबर छाटणीला ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे अशा सगळ्या मुलांनी एकाच पद्धतीने काम करायचं. प्रत्येक बागेत सहा जागा निवडायच्या, ओल्या कोपऱ्यातही आणि कोरड्यातही. प्रत्येक जागी एकाच ओळीतली दोन झाडं, मध्ये एक झाड सोडून, म्हणजे फवारा उडून शेजारी जाणार नाही. कोणाला फवारायचं ते नाणं उडवून ठरवायचं. पानांवर दोरा बांधून खूण करायची, गळालं तर ‘ग’. दिंडोरी, निफाड, चांदवड मिळून दहा मुलं जरी तयार झाली तरी दहा वेगवेगळ्या बागा होतात, आणि मग द्राक्षाबद्दल काही बोलायला जागा मिळते. दुसऱ्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी हीच पद्धत घेतली तर फारच उत्तम. वह्या विभागात मिळतील. पहिलं पान नकाशासाठी कोरं ठेवलं आहे, त्यावर बांध, पाट, विहीर, मोठी झाडं आणि उत्तर दिशा दाखवायची, आणि नकाशा काढताना घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून घ्यायचं.